वाचक विचारतात : टेनिसची रॅकेट कोणती घ्यावी?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, उंची १३२ सेंटीमीटर. नुकतीच टेनिसला जाऊ लागली आहे. एकदमच २७ इंची रॅकेट घेतली तर पुढे बदलायला नको, असं घरच्यांचं मत आहे. कोणत्या कंपनीची घ्यावी?
– एक पालक, नाशिक

उत्तर : २७ इंची रॅकेट मोठ्यांची, आत्ता ती नकोच. या उंचीला २५ इंची घ्या. दुकानात मुलीला ताठ उभं करा, मूठ अगदी टोकाशी धरून हात सरळ खाली सोडू द्या. रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकलं तर माप बरोबर. कोपर वाकवावं लागलं तर रॅकेट लांब आहे. लांब रॅकेट मिळालेलं मूल मूठ वर धरतं, चेंडूपर्यंत उशिरा पोहोचतं आणि मनगटाने तो ढकलतं. ही सवय मोडणं फार कठीण. बाबोलात, हेड, विल्सन – कोणतीही चालेल, या मापात कंपनीने काही अडत नाही. सुरुवातीला ॲल्युमिनियमची पुरे. २६ इंचीला आली की ग्रॅफाइट बघा. चेंडू मात्र नारिंगी ठिपक्याचा हवा, तो नेहमीच्या चेंडूपेक्षा जवळपास निम्म्या वेगाचा असतो.

प्रश्न : वय ४१, आठवड्यातून तीनदा खेळतो. दुकानदाराने ३०० ग्रॅमची कडक फ्रेम दिली, त्यावर पॉलिएस्टरचं ५८ पाउंडांचं गटिंग करून दिलं (म्हणजे तेवढ्या ताणावर तारा बसवून दिल्या). दोन महिन्यांत कोपराची बाहेरची बाजू दुखू लागली. रॅकेट बदलू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रॅकेट राहू द्या, आधी गटिंग बदला. पॉलिएस्टर तार जोरात फटके मारून तारा तोडणाऱ्यांसाठी असते. ती मुळात कडक, आणि पंधरा-वीस तास खेळून झाल्यावर तिचा ताण उतरतो, लवचीकपणाही जातो. तुटत नाही म्हणून माणूस त्याच मेलेल्या तारांवर महिनोन्‌महिने खेळत राहतो आणि प्रत्येक फटक्याचा हादरा कोपरावर येतो. त्या तारा काढून टाका. १.३० मिलिमीटरची मल्टिफिलामेंट तार, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ तार, ५० ते ५२ पाउंडांवर लावून घ्या. विल्सनची एनएक्सटी किंवा टेक्निफायबरची एक्स-वन बायफेज. तारांमध्ये रबरी डॅम्पनर बसवून कोपर वाचत नाही, फक्त आवाज बदलतो.

मूठही तपासा. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसायला हवी. बसत नसेल तर मूठ बारीक आहे, आणि बारीक मूठ माणूस नकळत जास्त आवळून धरतो. ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची पातळ पट्टी, गुंडाळली की साधारण अर्ध्या मापाने जाडी वाढते. म्हणून दोन मापांमध्ये अडलात तर लहान घ्यावं.

एवढं करूनही दुखलं तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. नंतर रॅकेट घ्यायचीच झाली तर विल्सन क्लॅश १०० पाहा : २९५ ग्रॅम आणि चांगलीच लवणारी फ्रेम. २५० ग्रॅमच्या हलक्या रॅकेटच्या मोहात पडू नका. वेगाने आलेला चेंडू तिला मागे ढकलतो आणि हादरा थेट हातात येतो.

प्रश्न : वय १७, रोज सराव, बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी देऊन मारतो. बाबोलात प्युअर एरो की विल्सन ब्लेड ९८?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या खेळाला प्युअर एरो. १०० चौरस इंचांचं डोकं, जाड फ्रेम, ३०० ग्रॅम. चेंडू सहज उचलला जातो आणि खोल पडतो. ब्लेड ९८ ही ३०५ ग्रॅमची, फ्रेम बारीक. पूर्ण स्विंगने चेंडू मधोमध घेणाऱ्याला ती हवी तिथे चेंडू देते, पण उशीर झाला की फटका आखूड पडतो. दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर योनेक्स इझोन १०० हातात घेऊन बघा. फ्रेमवर छापलेलं वजन बिनतारांचं असतं, गटिंगनंतर त्यात पंधरा-सोळा ग्रॅमची भर पडते. आवडता खेळाडू काय वापरतो ते बघून ठरवू नका; त्याच्या रंगाखालची फ्रेम दुकानातल्यासारखीच असेल असं नाही. निवडण्यापूर्वी दोन्ही रॅकेट एकाच तारेवर, एकाच ताणावर खेळून बघा आणि दमल्यानंतरची दुसरी सर्व्हिस कोणत्या रॅकेटने आत पडते ते पाहा. पुढे दुसरी रॅकेट घ्याल तेव्हा दुकानात काट्यावर वजन करून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन नगांतही काही ग्रॅमचा फरक निघतो.