अ‍ॅडस्कोप्ड केलंय तरी एकाच रिक्वेस्टमधी दोन ऑब्जेक्ट कामून यायलेत?

भाऊ, तुमचा क्लास एकच, त्याला इंटरफेस दोन, दोन्ही वेगवेगळ्या ओळीत अ‍ॅडस्कोप्डनं नोंदवलेत (म्हणजे दर रिक्वेस्टला नवा ऑब्जेक्ट द्यायची नोंद) आणि कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड, एकाच रिक्वेस्टमधी दोनदा चालायलाय, बरोबर ना? डॉट नेटचा कंटेनर, म्हणजे नोंदी बघून ऑब्जेक्ट बनवून देणारा भाग, बिघडला नाही, तुम्हीच त्याला तसं सांगितलंय.

आपल्याला वाटतं स्कोप्ड म्हणजे एका रिक्वेस्टला त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट. तसं नसतंय. कंटेनर क्लास मोजत नाही, नोंदी मोजतो. मोंढ्यात कसं, शेतकऱ्याची एक गाडी आली की हिशोबाची एक पट्टी, हमाली तोलाई सगळं तिच्यावरच. पण दोन मुनीम बसवले आणि दोघांलाही सांगितलं की गाडी आली की पट्टी कर, तर एका गाडीच्या दोन पट्ट्या होणारच, त्यात मुनिमाची काय चूक.

मी लातूरला एका आडत दुकानाचं सॉफ्टवेअर करताना हेच करून बसलो होतो. एका इंटरफेसमधून नोंदी लिस्टमधी गोळा व्हायच्या, दुसऱ्यातून त्या डेटाबेसमधी सेव्ह व्हायच्या, आणि सेव्ह करणाऱ्याकडं लिस्टच रिकामी! एरर नाही, काही नाही, सगळं हिरवंगार. दोन दिवस मी डेटाबेसलाच शिव्या देत बसलो, शेवटी कन्स्ट्रक्टरमधी एक ग्विड, म्हणजे दरवेळी वेगळा येणारा नंबर, टाकून लॉगमधी छापला तवा दोन वेगळे नंबर दिसले. तुम्ही पण आधी तेवढंच करून बघा.

उपाय सोपाय. मूळ क्लास एकदाच, स्वतःच्याच नावानं अ‍ॅडस्कोप्ड करायचा. मग दोन्ही इंटरफेसच्या नोंदीत क्लासचं नाव द्यायचं नाही, लॅम्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) द्यायचा, आणि त्या लॅम्डात सर्व्हिस प्रोव्हायडरकडून, म्हणजे कंटेनरकडूनच, गेटरिक्वायर्डसर्व्हिसनं तोच क्लास मागायचा. लॅम्डात न्यू लिहू नका, नाहीतर पुन्हा तेच. झालं, दोन्ही दारं एकाच घरात उघडतील. फक्त क्लास डिस्पोझेबल असंल, म्हणजे शेवटी डिस्पोज मेथडनं आवराआवर करणारा, तर स्कोप (इथं एक रिक्वेस्ट) संपताना डिस्पोज एकापेक्षा जास्त वेळा चालू शकतो, दुसऱ्यांदा चालला तरी काही मोडू नये असा लिहा.

कुणी सल्ला देईल की सरळ सिंगलटन, म्हणजे सगळ्या अ‍ॅपला मिळून एकच ऑब्जेक्ट, करून टाका. आजिबात नको! मग सगळ्या गाड्यांचा माल एकाच पट्टीवर. त्यात आत डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) असला तर तो कायमचा अडकून बसतो, आणि तो एका वेळी दोन थ्रेडनं वापरायची चीजच नाही. डेव्हलपमेंटमधी स्कोप व्हॅलिडेशन (स्कोपची तपासणी) चालू असतं म्हणून सिंगलटनमधी अडकलेला स्कोप्ड तिथं पकडला जातो, तुमची दोन नोंदीची चूक मात्र पकडली जात नाही, कारण नियमानं ती चूकच नाही.

बॅकग्राउंड जॉबमधी हवं असंल तर आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी घेऊन दर फेरीला नवा स्कोप उघडा, काम झालं की बंद करा. तिथं रिक्वेस्ट नसतीय, त्यामुळं स्कोप आपल्यालाच काढावा लागतोय.