शब्दशंका : पाचूची युरोपीय नावं

प्रश्न : जर्मनमध्ये पाचूला ‘स्मारागड’, इंग्रजीत ‘एमरल्ड’, तर रशियनमध्ये ‘इझुमरूद’ म्हणतात. हे तीन वेगळे शब्द आहेत का?

नाहीत, तिघांचं मूळ एकच : ग्रीक ‘स्मारग्दोस’. लॅटिनने त्याचा ‘स्मारग्दुस’ केला आणि तिथून वाटा फुटल्या. उत्तर आणि मध्य युरोपाने हे ग्रांथिक रूप जवळजवळ जसंच्या तसं घेतलं. जर्मन, डच, स्वीडिश, चेक या भाषांचं स्पेलिंग एकच आहे, फिनिशमध्ये त्याला शेवटी इकार लागतो, तर पोलिश आणि हंगेरियनमध्ये सुरुवातीचा ‘स’ ‘श’ होऊन येतो. उच्चारात मात्र अनेकजण फसतात. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटची मृदू व्यंजनं कठोर होतात, म्हणून तिथे ‘स्माराक्ट’ म्हणायचं. तुम्ही लिहिलेला ‘स्मारागड’ कोणी जर्मन माणूस म्हणणार नाही. डच उच्चार ‘स्माराख्त’.

दक्षिणेकडे हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला आणि ‘ग्द’चा ‘ल्द’ झाला : इटालियन ‘झ्मेराल्दो’, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘एस्मेराल्दा’. आपल्याकडे ‘स्टेशन’चं ‘इष्टेशन’ होतं, तसाच हा सुरुवातीचा ‘ए’. फ्रेंचने आणखी पुढे जाऊन मधला ‘स’ गाळला आणि ‘एमरोद’ केलं. खात्री करायची असेल तर शाळेचा शब्द ताडून पाहा : लॅटिन ‘स्कोला’, स्पॅनिश ‘एस्क्वेला’, फ्रेंच ‘एकोल’. इंग्रजी ‘एमरल्ड’ जुन्या फ्रेंचमधून आला, म्हणून त्यातही ‘स’ नाही. भाषांतर करणाऱ्यांनी लिंगही बघावं : स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये पाचू स्त्रीलिंगी, जर्मन आणि इटालियनमध्ये पुल्लिंगी.

रशियन शब्द वळसा घालून आला. ग्रीकमधून अरबी-फारसी ‘झुमुर्रुद’, त्याचं तुर्की ‘झ्युम्र्युत’ आणि मग रशियन ‘इझुमरूद’, उच्चारी ‘इझुमरूत’. हा शब्द रशियातल्या उरल पर्वतातल्या पाचूंबरोबर आला असा समज असेल तर तो सोडा. उरलचे पाचू १८३०च्या सुमाराला सापडले, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. शिवाय थेट ग्रीकमधून आलेलं रूपही तिथे होतं : चौदाव्या शतकातल्या एका बोधपर संग्रहाचं नाव ‘इझमारग्द’ आहे. युक्रेनियनमध्ये तर आजही ‘स्मारहद’ चालतो.

प्रश्न : मग हे सगळे शब्द संस्कृत ‘मरकत’वरून गेले, असं म्हणता येईल का?

म्हणणारे आहेत, पण उलट बाजू, म्हणजे ‘मरकत’च पश्चिमेकडून आला हे मत, अधिक भक्कम आहे. हिब्रूत ‘बारेकेत’ आणि प्राचीन इराकातल्या अक्कादी भाषेत ‘बर्राक्तु’ ही रत्नांची नावं आहेत आणि त्यांच्यामागे ‘चमकणे’ या अर्थाचा ब-र-क हा सेमिटिक (हिब्रू, अरबी, अक्कादी यांच्या कुळातला) धातू उभा आहे. ‘मरकत’ची अशी समाधानकारक फोड संस्कृतात होत नाही. प्राचीन काळी पाचूच्या प्रसिद्ध खाणी इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटात होत्या. राजस्थानातले साठे १९४०च्या दशकात उजेडात आले.

आपल्याकडून खरोखर गेलेला शब्द दुसराच आहे. पाली ‘वेळुरिय’, संस्कृत ‘वैडूर्य’, त्यावरून ग्रीक ‘बेरुल्लोस’ आणि पुढे ‘बेरिल’. पाचू हे याच बेरिल खनिजाचं हिरवं रूप, त्यामुळे खनिजाचं नाव भारतातून गेलं आणि त्याच्या हिरव्या प्रकाराचं पश्चिमेकडून आलं. चष्म्याला जर्मनमध्ये ‘ब्रिले’ आणि डचमध्ये ‘ब्रिल’ म्हणतात, तेही बेरिलवरूनच. पण आज बेरिलचं भाषांतर ‘वैडूर्य’ करू नका. मराठीत वैडूर्य म्हणजे लसण्या, आणि तो क्रिसोबेरिल या वेगळ्या खनिजाचा असतो : काठिण्य ८.५, बेरिलचं ७.५ ते ८.

जुन्या ग्रंथांत तर जास्तच सांभाळावं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने टायर शहरातल्या देवळात रात्री चमकणारा ‘स्मारग्दोस’चा खांब असल्याचं लिहिलं आहे. एवढा पाचू असूच शकत नाही. ग्रीक लोक हा शब्द इतर हिरव्या दगडांनाही लावत. तिथे ‘हिरवा दगड’ एवढंच लिहावं. तसाच रोमन लेखक प्लिनीचा सोनेरी ठिपक्यांचा ‘साफिरुस’ म्हणजे लाजवर्द हा निळा दगड, नीलम नव्हे.

प्रश्न : पोलिश मजकुरात ‘ग्रानात’ शब्द आला आहे. रत्न समजावं की फळ?

गार्नेट हे रत्न, डाळिंब, हातबॉम्ब आणि गडद निळा रंग, चारही अर्थ होतात. कपड्यांच्या वर्णनात ‘ग्रानातोव्ही’ विशेषण आलं तर हमखास गडद निळा. तिथे डाळिंबी लिहिणं ही नेहमीची चूक. क्रियापद ‘फेकणे’ असेल तर बॉम्ब. रशियनमध्ये ‘ग्रनात’ रत्न आणि फळ, ‘ग्रनाता’ बॉम्ब. फ्रेंचमध्ये ‘ग्रना’ रत्न, पण ‘ग्रनाद’ फळ आणि बॉम्ब दोन्ही. जर्मनमध्ये ‘ग्रानाट’ रत्न, ‘ग्रानाटआप्फेल’ फळ, ‘ग्रानाटं’ बॉम्ब. आणि उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर ‘ग्रानाट’ ताटात आला तर ती कोळंबी असते!

प्रश्न : रशियनमध्ये हिऱ्याला ‘अल्माझ’ म्हणावं की ‘ब्रिलियांत’?

खनिज आणि कच्चा हिरा ‘अल्माझ’, पैलू पाडलेला ‘ब्रिलियांत’. अंगठीत ब्रिलियांत, खाणीत अल्माझ.

प्रश्न : एका जुन्या सुट्या खड्यासोबतच्या जर्मन चिठ्ठीवर ‘राउखटोपास’ लिहिलं आहे. हा पुष्कराज आहे का?

नाही. शब्दशः ‘धुराचा टोपाझ’ (म्हणजे पुष्कराज) असला तरी हे धुरकट स्फटिकाचं (क्वार्ट्झचं) जुनं व्यापारी नाव आहे. ‘गोल्डटोपास’ही बहुधा पिवळा स्फटिकच निघतो. खडा मोठा असेल तर घरीही पडताळता येतं. आधी हवेत वजन करा. मग बारीक दोऱ्याने बांधून, भांड्याला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवून करा. हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीने भागा. १०.६ ग्रॅमचा खडा पाण्यात ६.६ ग्रॅम भरला तर घट ४, भागाकार २.६५, म्हणजे स्फटिक. टोपाझचा भागाकार ३.५च्या आसपास येतो. खड्याला बुडबुडे चिकटले तर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि बुडबुडे ब्रशने झटका. ग्रॅमभराच्या खड्यात स्फटिक आणि टोपाझ यांच्या घटींमधला फरक जेमतेम ०.०९ ग्रॅम असतो, स्वयंपाकघरातल्या काट्याला तो दिसणार नाही. खडा कोंदणात असेल तर ही रीत चालतच नाही. अपवर्तनांक, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो याचा आकडा, मोजून घ्या. स्फटिकाचा १.५४ ते १.५५, टोपाझचा १.६१ ते १.६४.