लंडनला राहते, एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) रांग लांब आहे. इस्तंबूलला जाऊन वजन कमी करण्यासाठी स्लीव्हचं ऑपरेशन करून घेऊ का?

फक्त पैसे आणि वेळ वाचतो म्हणून जाणार असाल, तर जाऊ नका. मी ब्रिटनमध्येच सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि स्टेपलची लांबच लांब शिवण उरते. ती झिरपू लागली तर बऱ्याचदा घरी परतल्यावरच कळतं: ताप, धडधड, डाव्या खांद्यात कळ. अशाच एक बाई रात्री आमच्याकडे आल्या, हातात फक्त तुर्की भाषेतला एक कागद. आत नेमकं काय केलंय ते समजेपर्यंत पहाट झाली. शिवाय ऑपरेशननंतर लगेच चार तास विमानात बसलं की पायात गुठळी होण्याची भीती वाढते.

तिकडचे सगळेच सर्जन वाईट, असं मुळीच नाही. जायचंच ठरवलंत तर ऑपरेशनची पूर्ण नोंद इंग्रजीत मागा, परतीची घाई करू नका, आणि पुढच्या रक्ततपासण्या (बी-१२, लोह) इथे कोण करणार हे जीपीशी (तुमच्या फॅमिली डॉक्टरशी) आधीच बोलून घ्या. एनएचएसच्या ऑपरेशनसाठी तुम्ही पात्र आहात का, हेही त्याच भेटीत विचारा: दक्षिण आशियाई लोकांसाठी त्याची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) मर्यादा २.५ ने कमी धरतात, म्हणजे ४० ऐवजी ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३५ ऐवजी ३२.५.