आधी दोन हजारांची तपासणी, मग नऊ लाखांचा विचार

प्रश्न थोडक्यात : मी अमळनेरला माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. जून २०१४ ची डिझेल डिझायर आहे, १ लाख ३८ हजार किलोमीटर झाली. मे महिन्यात कन्नड घाट चढताना गाडी तापली, लाल दिवा लागल्यावरही दोनेक किलोमीटर तशीच ओढली. तेव्हापासून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतं, कुलंटच्या टाकीत चॉकलेटी साय जमते, सकाळी थोडा पांढरा धूर येतो. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल मात्र काळंच आहे. इथला फिटर हेड गॅस्केटचे (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचे) ४२ हजार सांगतो, जळगावचं गॅरेज फुल इंजिन कामाचे १ लाख १० हजार. साडूंचं म्हणणं, आता हिच्यावर पैसा लावू नका. नवी सीएनजी गाडी ऑन-रोड ९ लाख २० हजारांना पडते. मुदत ठेव मोडून २ लाख २० हजार भरायचे आणि ७ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी, साडेनऊ टक्क्यांनी. जुन्या गाडीचे आहे त्या स्थितीत ७० हजार मिळतील. तिसरा पर्याय २०१८ ची जुनी पेट्रोल गाडी, ४ लाख ६० हजार. पगार हातात ६२ हजार, घराचा हप्ता १५,८००, घरखर्च २६ हजार, भिशी ५ हजार. मुदत ठेव साडेतीन लाखांची. मुलगी अकरावीत. शाळेत मोटरसायकलने जातो. गाडी वर्षाला आठेक हजार किलोमीटर चालते, त्यात आईला धुळ्याला दवाखान्यात नेणं ठरलेलं. आईची व्हीलचेअर डिकीत असते.

उत्तर :

नमस्कार सर. तुमच्या पत्रात तीन पर्यायांचे आकडे आहेत, पण ज्यावर हे सगळं अवलंबून आहे ती गोष्ट नाही : गाडीला नेमकं झालंय काय. ४२ हजार सांगणाऱ्याने इंजिन उघडलेलं नाही आणि १ लाख १० हजार सांगणाऱ्यानेही नाही. दोघांनी लक्षणं ऐकून आकडा दिला. अशा आकड्यांवर साडेतीन लाखांची ठेव मोडायची नसते.

आधी गाडी चालू करणं थांबवा. तपासणीसाठीसुद्धा टोचन करून न्या. मग फिटरला तीन गोष्टी करायला सांगा. एक, थंड इंजिनवर कुलिंग सिस्टीमचा प्रेशर टेस्ट : टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि पंधरा-वीस मिनिटांत काटा उतरतो का ते बघायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठे थेंब दिसला नाही, तर कुलंट आतल्या आत जातंय. दोन, गॅस टेस्ट : टाकीच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी धरतात, इंजिनमधला जळका वायू कुलंटमध्ये येत असेल तर द्रावणाचा रंग बदलतो. तीन, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरंच कमी निघालं, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे उडालं, असं समजायचं. या सगळ्याला दीड-दोन हजार लागतील, फार तर अडीच. ही साधनं तुमच्या फिटरकडे नसतील तर धुळ्याला किंवा जळगावला ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे न्या.

मी एवढं खोलात का जातोय ते सांगतो. तुमच्या गाडीतलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. त्यात ऑइल फिल्टरच्या बैठकीला ऑइल कूलर जोडलेला असतो. त्याच्या एका बाजूने ऑइल जातं, दुसऱ्या बाजूने कुलंट. आतला पडदा किंवा सील गेलं की चालू इंजिनमध्ये ऑइलचा दाब कुलंटपेक्षा जास्त असल्यामुळे ऑइल कुलंटमध्ये शिरतं. टाकीत चॉकलेटी साय जमते आणि डिपस्टिकवर ऑइल काळंच राहतं. तुमचं लक्षण हुबेहूब हे आहे. पांढरा धूर आणि कुलंट कमी होणं हे मात्र गॅस्केटकडे बोट दाखवतं, म्हणून कदाचित दोन्ही गेलं असेल. पण गॅस टेस्ट साफ आली आणि कॉम्प्रेशन सारखं निघालं, तर हेड न उचलता ऑइल कूलर बदलून, कुलिंग सिस्टीम दोन-तीनदा धुऊन काम भागू शकतं. त्याचा खर्च ४२ हजारांच्या जवळपासही जाणार नाही.

ऑइल दुधाळ झालेलं नाही, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. कुलंट ऑइलमध्ये मिसळलं असतं तर क्रँकची बेअरिंग खराब व्हायला वेळ लागला नसता, आणि मग जळगाववाल्याचा आकडा खरा ठरला असता. फक्त बघताना डिपस्टिक बघा, ऑइलचं झाकण नाही. झाकणाखाली थंडीत पाण्याच्या वाफेनेही पांढरट थर जमतो.

आता गॅस्केटच निघालं असं धरू. हेड उतरल्यावर ते लेथवाल्याकडे जाईल. तिथे दोन प्रश्न विचारायचे : हेड किती वाकलंय, आणि तडा आहे का. तापलेल्या डिझेल इंजिनात तडा बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटमधे असतो आणि नुसत्या डोळ्याला दिसत नाही. हेडमध्ये दाबाने हवा भरून पाण्यात बुडवूनच तो कळतो. हा टेस्ट न करता नुसतं हेड घासून परत बसवलं की दोन महिन्यांत तेच दुखणं परत येतं आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. हेडचे बोल्ट नवेच घ्या. ते घट्ट करताना ताणले जातात, पुन्हा वापरले तर तेवढी पकड राहत नाही. ४२ हजारांत नवे बोल्ट, प्रेशर टेस्ट आणि ऑइल-फिल्टर धरलेत का, हे लिहून घ्या. काढलेले पार्ट डिकीत परत मागा.

आणि गाडी तापली कशामुळे, हे शोधल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू नका. खान्देशातल्या मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, एसी लावून कन्नड घाट चढणं ही कुलिंग सिस्टीमची परीक्षाच असते, पण धडधाकट गाडी ती पास होते. नापास होण्यामागे थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी कुलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण न उघडणं, वॉटर पंपाची पाती झिजणं, फॅनचा रिले, किंवा रेडिएटर आणि एसीच्या जाळीमधे धूळ-कापूस अडकणं यातलं काहीतरी असतं. टाकीचं झाकणही बघा. ते दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, साधारण एक बार जास्तीच्या दाबाला ते १२० अंशांपर्यंत टिकतं. झाकणाचं रबर गेलं की घाटात कुलंट उकळणारच. आणि कुलंटऐवजी बोअरचं पाणी टाकत आला असाल तर आजपासून बंद. आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दुसरं काही नाही.

वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज पाइप, झाकण, रेडिएटरची सफाई आणि ऑइल कूलर असे सगळे मिळून १३ हजार वर धरा. म्हणजे दुरुस्ती ५५ हजार. विम्याची आशा ठेवू नका. तापून झालेलं नुकसान यांत्रिक बिघाडात मोडतं आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

आता पैशाचा हिशोब, तीन वर्षांचा. तीनच का, तर गाडीची १५ वर्षांची नोंदणी जून २०२९ ला संपते. पुढे फिटनेस तपासून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं, पण त्यावर आज हिशोब बांधायला नको. दुरुस्तीचे ५५ हजार, वर्षाला २० हजार देखभाल, ८ हजार विमा, आणि लिटरला १८ किलोमीटर व ९२ रुपये भाव धरून वर्षाचं ४१ हजारांचं डिझेल. तीन वर्षांचे २ लाख ६२ हजार होतात. शेवटी गाडीचे ६० हजार आले तर निव्वळ खर्च २ लाख २ हजार.

नव्या गाडीचा हप्ता ११,४४१ रुपये. तीन वर्षांचे ४ लाख १२ हजार, त्यात आधी भरलेले २ लाख २० हजार, पुढच्या दोन वर्षांचा विमा ४४ हजार, सर्व्हिसिंग २४ हजार, आणि किलोला २५ किलोमीटर व तोच ९२ चा भाव धरून सीएनजी ८८ हजार. बेरीज ७ लाख ८८ हजार. जुन्या गाडीचे ७० हजार वजा. तीन वर्षांनी गाडी ६ लाख २० हजारांना जाईल असं मोकळ्या हाताने धरलं, तरी कर्ज तेव्हा ४ लाख ५५ हजार शिल्लक असेल, म्हणजे तुमच्या हाती १ लाख ६५ हजार. निव्वळ खर्च ५ लाख ५३ हजार.

फरक साडेतीन लाखांचा. तुमची सगळी मुदत ठेव तेवढीच आहे. मधे टर्बोने दगा दिला आणि आणखी ४० हजार गेले, तरी फरक तीन लाखांच्या वरच राहतो. सीएनजीत वाचतात किती, तर वर्षाला साडेअकरा हजार. म्हणजे वर्षभराच्या बचतीत एक हप्ता. ही गाडी रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर चालवणाऱ्यासाठी आहे, वर्षाला आठ हजारवाल्यासाठी नाही. शिवाय सीएनजीच्या सेडानमध्ये टाकी डिकीत बसते. आईची व्हीलचेअर तिथे मावणार नाही, ती मागच्या सीटवर ठेवावी लागेल आणि बसायची जागा जाईल. काही कंपन्या दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवतात. कधी काळी सीएनजी घ्यायचीच झाली तर शोरूममध्ये खुर्ची घेऊन जा आणि ठेवून बघा.

मला याहून जास्त काळजी तुमच्या महिन्याची वाटते. ६२ हजारांतून घराचा हप्ता, घरखर्च, भिशी गेल्यावर १५,२०० उरतात. नवा हप्ता गेला की ३,७५९. ठेवीत उरतील १ लाख ३० हजार, आणि दोन्ही हप्त्यांसह घराला महिन्याला ५३ हजार लागणार. म्हणजे अडीच महिन्यांचाही आधार नाही. मुलगी दीड-दोन वर्षांत बारावी होईल. पुणे, नाशिक, संभाजीनगर, कुठेही प्रवेश मिळाला की पहिल्याच महिन्यात फी, होस्टेल, मेस एकदम समोर येतं. त्या वेळी तुम्हाला गाडीचा हप्ता थांबवता येणार नाही आणि ठेवही हाताशी नसेल. सात वर्षांत या कर्जावर व्याजच २ लाख ६१ हजार जातं.

साडूंना वाटतं तसा १ लाख ३८ हजार किलोमीटर म्हणजे या इंजिनाचा शेवट नाही. हेच इंजिन स्विफ्ट, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तरी पार्ट आणि हात बसलेले फिटर तालुक्याच्या गावातही मिळतात. हेड उतरलेलं असतानाच टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बघून घ्या. चेन सैल झाली असेल तर मजुरीचा मोठा भाग तसाही दिलेला असेल.

माझी मर्यादा ६५ हजारांची. त्याच्या आत काम होत असेल तर करा. ठेवीला हात न लावता करा. तुमची भिशी लागायची असेल तर ती घ्या, नाहीतर पतसंस्थेचं एक वर्षाचं छोटं कर्ज चालेल. हेडला तडा असेल तर भंगारातल्या गाडीचं हेड घेता येतं, पण तेही प्रेशर टेस्ट करूनच, आणि बिल ६५ च्या आत राहत असेल तरच. बेअरिंग किंवा सिलिंडरचा बोअर (आतली भिंत) गेलेला निघाला तर मात्र १ लाख १० हजार घालू नका. चालू स्थितीत या गाडीचे दीड लाख येतील. तिच्यात सव्वा लाख ओतण्यात अर्थ नाही. आहे तशी ७० हजारांना द्या.

मग जुन्या पेट्रोल गाडीचा विचार, पण ४ लाखांच्या आत. जळगाव-धुळ्याच्या बाजारात गुजरातच्या जीजे नंबरच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे कर कमी आहे. तिथल्या आरटीओची एनओसी आणून आपल्याकडे नोंद करताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तो किमतीत मिळवून बघा. फायनान्सवाला नऊ टक्के ‘फ्लॅट’ सांगेल, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज. साडेतीन लाखांना तीन वर्षांसाठी त्याचा हप्ता १२,३४७ बसतो, आणि कमी होत जाणाऱ्या शिलकीवर मोजलं तर तो दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेचा दर विचारल्याशिवाय सही करू नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २०१८ च्या गाडीवर अजून १८ चेच टायर असतील तर २० हजार किमतीतून मागा.

गाडी दुरुस्त झाली तर या तीन वर्षांत महिन्याला ६ हजारांची आरडी सुरू करा. हप्त्याच्या निम्म्याने आहे, त्यामुळे झेपेल, आणि २०२९ मध्ये व्याज सोडूनही २ लाख १६ हजार जमलेले असतील. मुलीच्या प्रवेशाच्या महिन्यात अडचण आली तर ती थांबवताही येते. आणखी एक : गाडी गॅरेजमध्ये पडून आहे म्हणून विमा संपू देऊ नका. ९० दिवसांच्या वर खंड पडला तर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तुमच्यासारख्या वर्षानुवर्षं क्लेम न घेतलेल्या माणसाचा तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. गाडी विकलीच तर विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या. बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि पत्र तीन वर्षं चालतं.