वाचक विचारतात: घोड्यावरचा तो दाढीवाला टेरब्लांश

प्रश्न: भाऊ, मी धरमपेठेत राहते, एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. साऊथ आफ्रिकेबद्दल वाचताना टेरब्लांशचा फोटो दिसला, घोड्यावर बसलेला अन् मागे हिटलरसारखा झेंडा. याला तिथं कोणी अडवलं नाही का, आणि पुढे याचं झालं काय?

उत्तर: ताई, बरं झालं विचारलं, मंडेलांच्या गोष्टीत या माणसाला आपण एका ओळीत उरकतो. यूजीन टेरब्लांश, जन्म १९४१, गाव व्हेंटर्सडॉर्प. आधी पोलिसात होता, मग शेती, आणि १९७३ मध्ये आणखी सहा जणांना घेऊन त्याने एडब्ल्यूबी (आफ्रिकानर प्रतिकार चळवळ) ही संघटना काढली, मागणी एकच की गोऱ्या आफ्रिकानर लोकांचा, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या तिथल्या गोऱ्यांचा, वेगळा देश पाहिजे. झेंड्यावर तीन सातचे आकडे गोल फिरवलेले, ते म्हणायचे हे बायबलातल्या ६६६ या सैतानी आकड्याला उत्तर, पण लाल-पांढरा-काळा रंग पाहिला की कोणालाही हिटलरचं स्वस्तिकच आठवेल.

अडवायचं म्हणाल तर फार उशिरा अडवलं. १९७९ मध्ये यांनी एका इतिहासाच्या प्रोफेसरला भर सभेत डांबर फासून पिसं चिकटवली, का तर तो म्हणाला १६ डिसेंबरचा आफ्रिकानरांचा सण पवित्र मानायची गरज नाही, आणि एवढं करून दंडावर सुटले. मग हिंमत वाढणारच ना. जून १९९३ मध्ये केम्प्टन पार्कला नव्या राज्यघटनेची बोलणी चालू होती तर चिलखती गाडी घालून काचा फोडत आत घुसले! मार्च १९९४ मध्ये बोफुथात्स्वानात, म्हणजे वर्णभेदी सरकारने काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या एका प्रदेशात, बंदुका घेऊन गेले, तिथं यांचेच तीन जखमी लोक कॅमेऱ्यासमोर मारले गेले आणि सगळी हवा गेली. तरी एप्रिलमध्ये सगळ्या वर्णांच्या लोकांना मत देता येणाऱ्या पहिल्या निवडणुकीआधी बॉम्ब फोडलेच, वीसेक माणसं गेली.

मला मात्र सगळ्यात जास्त लागतं ते १९९६ चं प्रकरण. एका काळ्या सिक्युरिटी गार्डला याने इतकं मारलं की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. तुम्ही नोट्समध्ये रॅली अन् झेंडा लिहाल, पण हा गार्ड नक्की लिहा. त्या केसमध्ये तुरुंगात गेला, २००४ ला बाहेर आला.

३ एप्रिल २०१० ला त्याच्याच शेतावर त्याचा खून झाला. पकडले गेले ते त्याचेच दोन मजूर, आपल्याकडे सालदार असतात तसे शेतावर राबणारे, एक तर अल्पवयीन. थकलेल्या मजुरीवरून वाद होता असं सुरुवातीपासून सांगितलं गेलं. मोठ्याला २०१२ मध्ये जन्मठेप झाली, लहान मुलगा खुनाच्या आरोपातून सुटला.