उन्हाळ्यात हिडकलच्या जलाशयावर बास आणि कॅटफिश धरायला जायचंय, तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात मित्रांबरोबर दोन दिवस हिडकलला जायचंय, बास आणि कॅटफिश धरायचेत, तर कुठं बसावं, काय न्यावं, "कुणीतरी अनुभवी माणसानं सांगावं". अनुभवी म्हणालात म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात या विषयावर मी तोंड उघडलं की ताई ताट आपटते.

आधी बास डोक्यातून काढा. तो अमेरिकेतला मासा. हिडकलचं धरण ज्या नदीवर आहे त्या घटप्रभेत तो कधी नव्हता आणि हिडकलात कुणी सोडलेलाही नाही. यूट्यूब बघून रबरी किडे घेऊन येणारी पोरं दर उन्हाळ्यात दिसतात, संध्याकाळी चिलापी, म्हणजे तिलापिया, घेऊन परत जातात. चिलापीसुद्धा बाहेरचीच, १९५२ साली भारतात आणलेली, पण ती इथं घरजावयासारखी राहिली. बासाची जागा आपल्याकडं मरळ भागवतो. तसाच दबा धरून बसणारा, तसाच पाणी फोडून वर येणारा. काठाच्या गवताला लागून रबरी बेडूक थांबत थांबत ओढत आणा, बाकीचं मरळ बघून घेईल. एक फरक लक्षात ठेवा. मरळ वर येऊन हवा घेतो. त्यामुळं उन्हानं तापलेल्या उथळ पाण्यात, जिथं बाकीच्या माशांचा जीव गुदमरतो, तिथंही तो टिकतो. भर उन्हात कडेला "गुळुक" असा आवाज आला आणि एकच वर्तुळ उठलं तर तो मरळ. पुढच्या वेळी तो साधारण तिथंच आसपास वर येतो, तेव्हा जागा धरून बसा, हलू नका.

कॅटफिश म्हणजे काही एक मासा नव्हे. काटेवाला शिंगटा वेगळा आणि शिवडा वेगळा. शिवड्याला आमच्याकडचे कानडी लोक बाळे म्हणतात. अंगावर खवलं नाहीत, तोंड डोळ्यांच्याही मागंपर्यंत फाटलेलं, आणि जबड्यात कंगव्यासारखे बारीक दात. रात्रीचा चरणारा. तुमच्या डोक्यात असलेला मोठा कॅटफिश बहुतेक हाच. बाजारातला परदेशी मांगूर वेगळा, त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे. तो चुकून गळाला लागलाच तर परत पाण्यात सोडू नका.

आता कुठं बसायचं. लोक धरणाच्या भिंतीजवळ जाऊन बसतात, कारण तिथं गाडी जाते आणि भजी मिळतात. मासे भज्यांसाठी येत नाहीत. जलाशय भरतो तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट आणि साठा ५१ टीएमसी. मे उजाडेपर्यंत त्यातलं बहुतेक पाणी कालव्यांनी आणि नळांनी प्यायलेलं असतं. म्हणूनच मे महिना सोन्यासारखा, कारण तळ उघडा पडतो. हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात. तुम्हीही जा, पण दर्शन झालं की मंदिराकडं पाठ करून जमीन बघा. जुन्या घरांचे चौथरे, बांध, विहिरींची कडी, बैलगाडीची वाट पाण्यात कुठं शिरते, नदीच्या मूळ पात्राचा काठ कुठं आहे. पाणी उरलंय ते त्या जुन्या पात्रात, आणि शिवडा दिवसा त्याच काठाखाली पडून असतो. अंधार पडला की चढावरून वर येतो. दुसरी जागा दड्डीच्या बाजूला, ताम्रपर्णी येऊन मिळते तिकडं. भावेश्वरीच्या यात्रेला गेला असाल तर तो भाग माहीत असेल. वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की तिथं ताजं पाणी उतरतं आणि मासा त्या तोंडाशी जमतो.

ही बुडालेल्या बांधाची युक्ती माझी. म्हणजे आज्जाची, पण आज्जा गेला तेव्हा ती माझ्याकडं आली. बारा वर्षांपूर्वी मी ती आमच्या दाजींना दाखवली, ती माझी चूक.

दाजी इचलकरंजीचे, घरचे यंत्रमाग. त्या मे महिन्यात ताईला आणि पोरांना घेऊन आले ते कोल्हापुरातनं नवी कोरी रॉड-रीळ घेऊनच. आम्ही दोघं चार वाजता निघालो. डिकीत कोंबडीची आतडी, आदल्या दिवसापासून डब्यात उन्हात ठेवलेली. वासानं दाजींनी दोनदा गाडी थांबवली. मी गाठ मारली, पन्नास पावलांवर जुन्या बांधाच्या टोकाला गळ टाकला, रॉडच्या शेंड्याला घुंगरू बांधलं आणि बसलो. शेजारी एक म्हातारे कानडी मच्छीमार आपला तेप्पा, म्हणजे टोपलीसारखी गोल होडी, काठावर पालथा घालून बिडी ओढत बसले होते.

सात वाजून गेले. पश्चिमेला चंदगडच्या डोंगरावर आभाळ काळं झालं, वीज दिसायला लागली. उठायचं ठरलं आणि घुंगरू वाजलं. वाजलं म्हणजे एकदा नाही, रॉडच पाण्याकडं निघाला. मी धरला. पंधरा मिनिटं रीळ रडत होतं. तो ओढायचा तेव्हा मी सोडायचो, तो थांबला की मी गुंडाळायचो. शेवटी गुडघाभर पाण्यात आला आणि बॅटरीच्या उजेडात दिसला. पांढरं पोट, हाताएवढ्या लांब दोन मिशा, आणि ते तोंड. माझ्या कमरेपर्यंत उभा केला असता तर आला असता. दाजी म्हणतात मांडीपर्यंत.

तेवढ्यात दाजी पाण्यात शिरले आणि त्यांनी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हाताला दोन वेढे देऊन धरला.

"दाजी, दोरीला हात लावू नगासा!" मी ओरडलो. म्हातारेही काठावरून ओरडले, "बिडरी! बिडरी!" बिडरी म्हणजे सोडा. दाजींना कानडी येतं असं दाजींना वाटतं. वारं सुटलं होतं. त्यांनी ऐकलं "हिडरी", म्हणजे धरा. त्यांनी धरलं. माशानं शेपटीचा एक फटका मारला, टच्चकन आवाज झाला. मासा क्षणभर तिथंच पडून राहिला, त्यालाही खरं वाटलं नसावं. मग वळला आणि गेला. दाजींच्या तळव्यावर ब्लेडनं मारल्यासारखी लाल रेघ.

घरी ताईनं विचारलं, मासा कुठाय. दाजी हात धूत म्हणाले, "तुझ्या भावाची गाठ सुटली." वर जोड, "आम्ही सुतातली माणसं, गाठ आम्हाला कळते." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, दिवाळीच्या फराळाला हे वाक्य वाढलं जातं. दाजी आहेत, उलट बोलता येत नाही. इथं बोलतो.

नीट समजून घ्या, तुमच्याही उपयोगाचं आहे. दोरी एकटी मासा आणत नाही. माशाचा झटका रॉड वाकून पितो आणि उरलेला रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरी सोडणारा ब्रेक, सरकून पितो. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवला की दोरी तुटायच्या आधी रीळ सुटतं. तुम्ही दोरी हातात गुंडाळली की रॉड आणि ड्रॅग दोघंही रजेवर गेले. सगळा झटका त्या एका तंगूसावर, किंवा तुमच्या बोटांवर. शेवटी मासा घ्यायचा तो हातजाळीनं, डोक्याकडून. जाळी नसेल तर चालत मागं सरका, मासा आपोआप उथळावर घसरत येतो. दोरीला हात लावू नका. तुमचा मित्र वयानं, मानानं कितीही मोठा असू द्या, त्याला निघायच्या आधी हे सांगा, चहा पिताना सांगा.

आणि गाठ. मागावर तुटलेला धागा जोडायची गाठ उत्तम असते, तिला मी मान देतो. पण ती दोन धाग्यांची गाठ, गळाच्या नेढ्याची नव्हे. गळाला पालोमार मारा. दोरी दुहेरी करून नेढ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, जो फास राहतो त्यातून अख्खा गळ काढा, थुंकी लावा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली की तंगूस घासून तापतो आणि तिथंच कमजोर होतो. मी त्या दिवशी थुंकी लावली होती. शिवड्यासाठी गळाच्या वर हातभर जाड तंगूस किंवा तार हवीच, त्या कंगव्याच्या दातांपुढं बारीक दोरी टिकत नाही. आणि गेल्या वर्षीचा रिळावर उन्हात राहिलेला तंगूस फेकून द्या, नवीन भरा.

बाकी राहिलेलं पटापट सांगतो. खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. धरणातल्या मासेमारीचा हक्क परवान्याचा असतो. काठावरच्या मच्छीमारांना आणि मत्स्य खात्याच्या माणसांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका, रात्री तर नाहीच. वाळलेला गाळ वरून पापडासारखा कडक दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. काठी टोचत चला, म्हशी जातात त्या वाटेनं जा. ढग गडगडले की कार्बनचा रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब व्हा, कार्बनमधून वीज वाहते. आम्ही त्या दिवशी ठेवला नाही, पण आम्ही शहाणे होतो असं मी कुठं म्हटलंय. तेप्प्यात बसायचं तर जॅकेट घालून, आणि दुपारनंतर नाहीच, वळवाचं वारं दहा मिनिटांत उठतं. शिंगट्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यामागचा काटा फडक्यानं धरा. जिलेटीनचा स्फोट करून मासे मारणारा कुणी भेटला तर त्याच्या शेजारीही बसू नका, १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. बगळ्यांच्या पायात अडकतो, आणि हेच पाणी पुढं बेळगावच्या नळाला येतं.

पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा हलताना दिसला तर तिथं बेडूक टाकू नका. खाली मरळाची जोडी राखण करत असते आणि रागानं कशालाही तोंड घालते. ती उचलली की अर्ध्या तासात चिलापी पिल्लं संपवते. असल्या शिकारीचे फोटो टाकणाऱ्यांबद्दल माझं मत इथं लिहिण्यासारखं नाही. शिवडाही आता जागतिक लाल यादीत असुरक्षित गटात गेलाय, मोठा लागला तर फोटो काढा आणि सोडा. जून लागला की गळ गुंडाळा. पावसाच्या पाण्याबरोबर वर चढणाऱ्या माशांच्या पोटात अंडी असतात.

राहता राहिला पुरावा. गाठ सुटली तर दोरीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं निघतं. झटक्यानं तुटली तर टोक सरळ राहतं. त्या रात्रीचा तो वीतभर तंगूस मी काडीपेटीत जपून ठेवलाय. आज हे लिहिण्याआधी काढून बघितला. टोक थोडं वळलेलं आहे. पण बारा वर्षं काडीपेटीत गुंडाळून राहिल्यावर कुठलाही तंगूस वळणारच.