गणिताचं विचारा : वाफ्याच्या दोन पट्ट्या

प्रश्न : मुलगा मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) चांगल्या मार्कांनी पास झाला, म्हणून पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं. आता सगळं इंग्रजीतून. गणिताच्या पहिल्या टेस्टला 25 पैकी 6 पडले. 'इंग्रजीच कळत नाही,' म्हणतो. पेपरची झेरॉक्स जोडलीय. मी दहावीपर्यंत शिकलेय. घरी मागची उजळणी घ्यायची तर कुठून धरू?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, झेरॉक्स पाठवलीत हे फार बरं केलंत. पेपर दोनदा बघितला. इंग्रजीवर सगळं ढकलू नका. पोरानं एकच चूक तीन वेष घालून केलीय: दिसेल तिथं सरळ बेरीज.

पहिला वेष बीजगणिताचा. (अ + ब)² म्हणजे अ² + ब², असं त्यानं लिहिलंय. त्याला शेतावर न्या. 10 हात लांब-रुंद चौरस भाताचा वाफा लांबीला 3 आणि रुंदीला 3 हात वाढवायला सांगा. 100 आणि 9 मिळून 109 होतात, पण वाफा भरतो 169. उरलेले 60 कुठले? 30-30 च्या दोन पट्ट्या. तेच ते 2अब. एकतीस वर्षं शिकवलं, फळ्यावर हे सूत्र विसरणारी पोरं बांधावर विसरली नाहीत.

दुसरा वेष त्रिकोणमितीत. साइन (60° + 30°) काढायला साइन 60° आणि साइन 30° यांची त्यानं सरळ बेरीज केली, आलं 1.366. साइन 90° तर 1 असतो! काटकोन त्रिकोणात कर्णाहून मोठी बाजू नसते, मग साइन 1 च्या वर जाईलच कसा? खरं सूत्र आहे साइन (अ + ब) = साइन अ × कोसाइन ब + कोसाइन अ × साइन ब. त्यात घालून बघा: 3/4 + 1/4, बरोबर 1. आणि साइन या शब्दाला तो भीत असेल तर सांगा, मूळ शब्द आपलाच, ज्या किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो नेला, लॅटिनमध्ये भाषांतर करताना चुकीचा अर्थ लागला आणि 'सायनस' झाला. भाषांतराचा घोळ काही फक्त पीयूसीत होत नाही.

इंग्रजीसाठी एक वही पुरे. डावीकडं सहगुणक, उजवीकडं कोएफिशंट. डावीकडं विवेचक, उजवीकडं डिस्क्रिमिनंट. रोज पाच शब्द, जास्त नको.

तिसरा वेष संभाव्यतेचा. 52 पत्त्यांतून एक ओढला, तो राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता किती? त्यानं 4 आणि 13 मिळवून 17/52 लिहिलं. बदामचा राजा दोनदा मोजला की! 16/52, म्हणजे 4/13. हे मात्र कागदावर शिकवू नका, कॅट घेऊन बसा, बदाम आणि राजे वेगळे काढायला लावा. घरात पत्ते नकोत म्हणून सासूबाई रागावल्या तर माझं नाव सांगा.